रुमालाखालची चार बोटं

फुलांच्या धंद्याला उद्या नसतो. सकाळी घेतलेला झेंडू संध्याकाळच्या आत विकायचा. उरला तर गोदावरीत सोडायचा, आणि त्याच्यामागून भांडवलही. हे मला, नवसाबाईला, कळतं. आमचे धनी रंगनाथ फुलबाजारातच लहानाचे मोठे झाले, पण त्यांना कळेल तर शपथ! भाव चढला की "अजून चढंल", उतरला की "पुन्हा चढंल". यंदा गौरीला असंच चढंल-चढंल करत निम्मं भांडवल कुजलं. आता दसऱ्यालाही बुडालो तर बाजारातली बैठक जाणार आणि सिन्नरला माझ्या भावाकडे विड्या वळत बसायचं. भाऊ देवमाणूस आहे हो, पण वहिनीचं तोंड मला माहीत आहे.

म्हणून मी धन्यांकडून आधीच वदवून घेतलं होतं. एवढ्याच पाट्या घ्यायच्या, पाटीला चार रुपये आले की सगळ्या मोकळ्या करायच्या, नवा माल घ्यायचा नाही. त्यांनी खंडेरायाची आण घेतली.

दसऱ्याच्या सकाळी बाजार नुसता उसळला होता! आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. गडी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकतो, त्याखाली दोघं एकमेकांची बोटं दाबतात. दाबलं बोट म्हणजे त्या दिवशी एक रुपया. वर चेहरे मख्ख. बायकांनी पाट्या उचलायच्या, पाणी शिंपडायचं. रुमालाखाली बाईचा हात कधी गेला नव्हता.

बघता बघता दोनाचे तीन झाले. तेवढ्यात इगतपुरीची गाडी गाठायच्या घाईत निसारभाई आला. तो आमचं जुनं गिऱ्हाईक.

"रंगनाथभाऊ, सगळ्या पाट्या घेतो. टाका रुमाल."

धन्यांनी रुमाल खाली ठेवला. "नाय विकायच्या. आज पाच होतंय बघा. उलट मीच अजून घेतो!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "अहो, आण घेतलीय तुम्ही!"

"गप बस. तुला काय कळतंय बाजारातलं?"

ते दुसऱ्या माळ्याच्या पाट्यांकडे वळले मात्र, मी रुमाल उचलला आणि आपल्या हातावर टाकला.

"या, निसारभाई."

सगळा बाजार हसायला लागला. निसारभाई गोरामोरा झाला. "भाभी, तुम्ही?"

"गाडी चुकंल तुमची."

त्याने बिचकत हात घातला आणि तीन बोटं दाबली. मी पाच दाबली. तो मान हलवून हात काढू लागला. मी सोडला नाही. मेली लाज गेली चुलीत! शेवटी त्याने चार दाबली आणि मी रुमाल झटकला. सौदा झाला.

धनी नव्या मालाचा सौदा अर्धवट टाकून धावत आले तेव्हा पाट्या टांग्यात चढत होत्या. काय काय बोलले मला! वर भाव खरोखर पाचावर गेला. "बघ, बुडवलंस!" ते ओरडले. मला रडू फुटलं. चुकलं असेलही, पण ठरलं ते ठरलं.

आणि मग पिंपळगावकडून झेंडूने भरलेल्या बैलगाड्या आल्या. एक, दोन, मग रांगच लागली. भाव धाडकन कोसळला. दुपारी रुपयाला पाटी कुणी घेईना. माझ्या रिकाम्या बैठकीवर मी पाय पसरून बसले. खोटं कशाला बोलू, नाचावंसं वाटत होतं.

गौरीचं सगळं नुकसान काही भरून आलं नाही. पण बैठक राहिली.

दिवेलागणीला धनी शेजारी येऊन टेकले. हळूच म्हणाले, "किती बोटं दाबली त्यानं?"

भाव तोंडाने सांगायचा नसतो. मी त्यांच्या हातावर रुमाल टाकला, खाली हात घातला आणि चार बोटं दाबली.

सौदा कळला, तरी त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

"रुमाल तुझ्याकडंच ठेव," ते म्हणाले.