दहापैकी नऊ

मित्रांनो, माझ्या कळफलकाकडे जरा नीट बघा. एक, दोन, तीन, चार हे आकडे पार पुसून गेले आहेत. बाकीची बटणे मात्र अजून कोरी करकरीत आहेत. मी परीक्षा केंद्रातला जुना संगणक. माझ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला या चार बटणांतूनच उत्तर निवडावे लागे.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटले होते, आपल्यावर कोणी चित्रे काढील, कोणी गाणी ऐकेल. नशिबी आली सात नंबरची जागा आणि घामेजलेली बोटे. ती परीक्षाही साधी नव्हती. उत्तर बरोबर आले की मी पुढचा प्रश्न अधिक अवघड देई, चुकले की सोपा. नुसती बरोबर उत्तरे मोजायची नाहीत, माणूस किती अवघड पायरीवर टिकून राहिला ते पाहायचे. चांगल्या चांगल्यांची निम्मी उत्तरे चुकत. प्रश्न अवघड होताहेत म्हणजे तुमचे चांगले चालले आहे, हे मला ओरडून सांगावेसे वाटे. पण मला तोंड कुठे आहे? आठ वर्षांत एकदाही बंद पडलो नाही, म्हणून केंद्राच्या बाई मला 'गुणी' म्हणत. नवी यंत्रे आली आणि गुणी बाळ अडगळीत गेले.

तिथून मी एका रुग्णालयात, परिचारिकांच्या खोलीत आलो. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. कोणीतरी माझ्यात सरावाचा संच भरला, तोही त्याच चालीचा. तिथेच मला चिमणी भेटली. अंगाने बारीक, म्हणून सगळ्या तिला चिमणी म्हणत. शिक्षण पुरे झाले होते, पण परवान्याच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. आता तिसरी आणि शेवटची संधी. पास झाली तर परिचारिका, नाहीतर जन्मभर वॉर्डात चादरी बदलायच्या आणि रुग्णांची भांडी उचलायची.

परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा मोठ्या सिस्टर तिला म्हणाल्या, "आता नवीन काही वाचत बसू नकोस. वेळेवर झोप, पोटभर जेव, आणि रोज एक अख्खा संच सोडव. मधेच उठायचं नाही."

"हो, सिस्टर."

ती वेळेवर झोपली. पोटभर जेवली. संच मात्र तिने एकदाही पुरा केला नाही. पहिले दहा प्रश्न झरझर सुटत. अकरावा अवघड आला की तिचा चेहरा उतरे. "गेलं! काहीतरी चुकतंय माझं," असे पुटपुटून ती मला बंद करी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. अगं वेडे, चुकत नाहीयेस, वर चढते आहेस! मी जिवाच्या आकांताने माझ्या पोटातला पंखा गरगर फिरवला. तिने माझ्या पाठीवर एक थाप मारली. रोज भिंतीवरच्या कागदावर ती लिही, 'दहापैकी नऊ'. तो कागद पाहून सिस्टर शाब्बास म्हणत. बिचाऱ्यांच्या वेळची परीक्षा कागद-पेनाची होती.

परीक्षेच्या दिवशी दुपारी ती धावतच खोलीत आली.

"सिस्टर, मधे तर मी पार घाबरले! एकेक प्रश्न असला अवघड, की म्हटलं संपलं सगळं. बंद करून परत सुरू करायचीही सोय नाही. मग सुचेल ते बटण दाबत सुटले."

"अगं बाई! मग?"

"मग काय, सुधारलं ना! शेवटी शेवटी इतके सोपे प्रश्न आले, की डोळे मिटून उत्तर द्यावं."

"मग झालीसच पास समज," असे म्हणून सिस्टरांनी तिला पोटाशी धरले.

खोलीतल्या सगळ्या हसत होत्या. सोपे प्रश्न कोणाला येतात, हे तिथे मला एकट्याला ठाऊक होते. मित्रांनो, इतके दुःख मला अडगळीतही झाले नव्हते.

आठवड्याने निकाल लागला. तो पाहून चिमणी वॉर्डात चादरी बदलायला गेली.

चिमणी आता मला सुरू करत नाही. सकाळी ओले फडके घेऊन येते, टेबल पुसते, माझा पडदा पुसते. भिंतीवरचा कागद अजून तिथेच आहे, पण ती तिकडे बघत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण अकरावा प्रश्न आला, की मला बंद करू नका.