नवसाबाईच्या कानात वाजणारा मी

मी जीवनच्या गाडीतला टेप बोलतोय. टेप म्हणायचं ते आपलं सवयीनं. माझ्या पोटात कॅसेट कधी गेलीच नाही. फोनवर बोलता यावं म्हणून माझ्या तोंडाशी एक बारीक माइक आहे आणि त्यातून मला गाडीतलं सगळं ऐकू येतं. ऐकू नये तेसुद्धा. आता कान दिलेत तर माणूस ऐकणारच ना!

मखमलाबादच्या जीवननं नवी व्हॅन घेतली ती बिनटेपची. मग दुकानातून मला आणलं आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून स्वतःच बसवलं. गाडीचं कौतुक एवढं, की सीटवरची प्लास्टिकं अजून काढलेली नव्हती. व्हिडिओतला माणूस सांगत होता, "काळी तार बोल्टाला लावायच्या आधी तिथला रंग घासून काढा." जीवननं रंगाकडं पाहिलं, हात फिरवला आणि तार रंगावरच आवळून टाकली. नव्या गाडीला ओरखडा? छे!

तार लोखंडाला नीट टेकलीच नाही आणि तिथंच माझा घसा बसला. गाडी चालू झाली की माझ्या स्पीकरमधून बारीक 'सूंऽऽ' निघायचं. गाडी पळाली की तेही चढायचं. गाणं लागलेलं असलं की झाकून जायचं, गाणं थांबलं की पुन्हा उघडं. बोलायला जावं तर काय, तेच 'सूंऽऽ'!

जीवनची आई नवसाबाई मागच्या स्पीकरला टेकूनच बसायची. रोज संध्याकाळी मायलेक कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन पंचवटीच्या मार्केट यार्डात जायचे. लिलावाला उभी राहायची ती नवसाबाईच. व्यापारी ओठातल्या ओठात पुटपुटले तरी तिला कळायचं. "आईच्या कानावर आमचं घर चाललंय," असं जीवन कुणालाही सांगायचा.

एकदा जीवन जुड्या उतरवायला गेला, तेव्हा तिनं सटाण्याच्या बहिणीला फोन लावला.

"बयाबाई, माझे कान वाजाया लागलेत गं. गाडीत बसलं का सुरू. आपल्या आईचं आठवतं ना? आधी यष्टीत बसली का वाजायचे, मग घरीबी, अन् मग काहीच ऐकू येईना. जीवनला बोलू नको. कळलं तर म्हणेल, आता घरीच बस."

अहो, कान नाहीत, मी वाजतोय मी! पण मला बोलता येत होतं कुठं?

दुसऱ्या दिवशी आई यार्डात गेल्यावर जीवननं बायकोला फोन केला. "प्रतिभा, गाडीतून आवाज येतोय. इंजिनच खराब निघालंय वाटतं. आईला कळू देऊ नको हां. आधीच म्हणत होती, भाड्याच्या टेम्पोत काय वाईट होतं."

एकाच गाडीत, एकाच आवाजाला, दोघं दोन टोकांना भीत बसलेले. वर दोघांची तोंडं कशी, काही झालंच नाही अशी! माणसांची ही खोड मला आजवर उमगलेली नाही.

परवा गाडीत बसता बसता नवसाबाई म्हणाली, "उद्यापासून लिलावाला तू उभा राहा. मी घरी जुड्या बांधीन."

"का गं?"

"झालं आता लय."

तिचा आवाज असा पडलेला मी कधी ऐकला नव्हता. जीवननं गाणं लावायला हातही पुढं केला नाही.

तेवढ्यात शेजारच्या सिंधुबाईंनी हात दाखवला. त्यांना लेकीकडे पंचवटीला जायचं होतं. पुढच्या सीटवर बसल्या, प्लास्टिक कुरकुरलं, "गाडी जुनी व्हायच्या आधी काढशील का रे हे?" म्हणून आधी त्याचा समाचार घेतला आणि मग म्हणाल्या,

"अगं बाई! गाडीत डास कोंडलाय का काय? केवढा गुणगुणतोय मेला!"

मागून नवसाबाई पुढं झुकली. "सिंधू... तुलाबी ऐकू येतंय?"

"मग मी काय बहिरी हाय?"

जीवननं गाडी कडेला घेतली. "आई, म्हणजे तुलाही येतो आवाज?"

"मला वाटलं, माझे कान..."

"मला वाटलं, इंजिन..."

"अन् मला वाटतं, तुम्ही दोघंबी येडे हायेत," सिंधुबाई म्हणाल्या. "इंजिन चालू राहू दे. हे डबडं बंद कर बघू."

जीवननं मला बंद केलं. आवाज गेला. चालू केलं. आला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. सिंधुबाईंनी टाळीच वाजवली. "धरला चोर!"

जीवननं खाली वाकून काळी तार पाहिली आणि ओशाळला. "रंग घासायचा होता इथला. पण नवी गाडी, जिवावर आलं."

"आईच्या जिवापरीस रंग मोठा?" नवसाबाईनं पिशवीतून कोथिंबीर कापायचा विळा काढला. "गाडी बंद कर. ती तार सोड, अन् सरक."

जीवननं पान्यानं बोल्ट सोडला आणि तोंड फिरवलं. खर्र, खर्र, खर्र. खालचं लोखंड चकचकीत दिसायला लागलं. तार पुन्हा आवळली. गाडी सुरू झाली आणि माझा घसा मोकळा! तिघंही श्वास रोखून ऐकत होते. ऐकायला काही नव्हतंच. नवसाबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि वर सिंधुबाईंनाच दटावलं, "बघतेस काय? उशीर होतोय मला लिलावाला."

त्या संध्याकाळी गाडीचं दार उघडंच होतं आणि मी यार्डातला गलका ऐकत होतो. व्यापारी पुटपुटला आणि लगेच तिचा आवाज आला, "ऐकलं हां भाऊ! आता मागं नाय सरायचं."

आता माझं बरं चाललंय. सीटवरची प्लास्टिकंही निघाली. एवढंच सांगतो, कुठं काही वाजलं तर शेजारी बसलेल्याला विचारा, बाबांनो. नाहीतर एखाद्या सिंधुबाईला तरी गाडीत घ्या.

त्या संध्याकाळी परत येताना जीवननं हौसेनं मला मोठ्यानं लावलं होतं. मागून लगेच चापट आली.

"जरा बारीक कर रे. कान हायेत मला."