पोस्टमनची पाठ

गळ्याशपथ सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटा निघाला तर माझे सगळे दात आत्ता इथे टपाटपा पडोत. हसू नका रे! दात बसवलेले असले म्हणून काय झालं, शपथ ती शपथ.

माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा असा रडला की शेजाऱ्यांकडची दुधाची बाटली तडकली, आणि समोरच्या गच्चीवरची कबुतरं जी उडाली ती पुन्हा आमच्या वस्तीत फिरकलीच नाहीत. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव भोंगा. पुढे तो गिटार घेऊन रॉक गायला लागला, केस खांद्यावर आले, आणि बाहेरचे लोक त्याला ‘डरकाळी’ म्हणायला लागले. आता सत्तरी उलटली त्याची. पण माझ्यासाठी भोंगाच.

त्याचा पहिला अल्बम ‘फोडा दारं’. काय गाजला होता! गावात रेकॉर्डचं दुकान एकच, तुमच्या आजोबांचं. रेकॉर्ड वाजवायचं धड मशीनही तेवढंच. ज्याला त्याला आजोबाच कॅसेट भरून द्यायचे. लग्न ठरलं, कॅसेट भर. परीक्षेत आपटला, कॅसेट भर. म्हणजे गावातल्या प्रत्येक घरात माझा भाऊ शिरला तो आमच्या त्या मशीनमधून. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

हे गेले, पण दुकान मी बंद केलं नाही. घरी बसून काय भिंतीशी बोलू? रविवारी सकाळी भोंग्याचे जुने चाहते जमतात, बाकावर बसतात, चहा माझा पितात आणि भांडणं स्वतःची आणतात. त्यांचा म्होरक्या पोस्टमन. रिटायर झालाय, पण नोकरीत होता तेव्हा ‘फोडा दारं’ गुणगुणत पत्रं वाटायचा आणि दारं अशी बडवायचा की लोक मागच्या दाराने पळायचे. एकाने तर विहिरीत उडी मारली होती. खरंच!

तर भोंग्याचा नवा अल्बम आला. नाव ‘बसा जरा’. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तो फोनवर आणला आणि दुकानात लावला. आवाज खोल, संथ, जड पेटी कुणीतरी जमिनीवरून ओढत न्यावी तसा. गाणं संपलं.

मग पोस्टमनने कप आपटला. “संपला! माणूस संपला! जो फोडा दारं म्हणायचा तो आता बसा जरा म्हणतोय. पुढच्या अल्बमचं नाव काय, झोपा आता?”

“काका, नीट ऐका तरी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “जुन्या अल्बममध्ये तो नुसता ओरडतो. ह्याच्यात बोलतोय.”

“बोलायला आमची ही आहे घरी. दिवसभर बोलते. मी तिकीट काढतो ते ओरडणं ऐकायला.”

“तुम्हाला जबडा उघडा ठेवायची सवयच आहे. माझ्या खुर्चीत मात्र उघडत नाही.”

मी मध्ये पडले नाही. मला भांडण आवडतं.

पण पोस्टमन नुसता भांडून थांबणारा नाही. शनिवारी भोंग्याचा आमच्याच गावात कार्यक्रम होता आणि अर्ध्या हॉलची तिकिटं ह्याच मंडळींनी घेतलेली. पोस्टमनने हॉलच्या मॅनेजरला कळवलं की फक्त ‘फोडा दारं’ वाजणार असेल तर येऊ, नाहीतर तिकिटं परत घ्या. मॅनेजर घाबरला आणि त्याने फोन केला भोंग्याला.

भोंगा तडक दुकानात. काखेत नव्या अल्बमची रेकॉर्ड, ताजी, कागदसुद्धा न काढलेली. डोळे लाल. बाकावर सगळे बसलेले बघून दारातच थांबला.

“मागच्या वेळी आलो तेव्हा तुम्हीच म्हणालात, सूर पडलाय,” तो म्हणाला. “मी सूर वर नेला, घसा फाडून गायलो. मग महिनाभर ताईकडे खुणा करून चहा मागत होतो. आता बास! जुनंच हवं असेल तर कॅसेट लावा आणि स्टेजवर माझा कोट टांगून ठेवा. मी माझीच नक्कल करणार नाही. शनिवारी नवं गाता आलं नाही तर गिटार ताईच्या माळ्यावर टाकेन आणि विषय संपला.”

भोंगा धमक्या देत नाही. लहानपणी एकदा म्हणाला होता भात खाणार नाही, तर आजतागायत खाल्लेला नाही.

पोस्टमनही हटेना. “तुझा सूर म्हातारा झालाय हे मान्य कर, मग काय ते गा.”

“ऐकलास तरी का नवा अल्बम?”

“फोनवर ऐकला. मुंगी कानात शिंकल्यासारखा.”

“मग मोठ्या मशीनवर ऐक.”

“लाव! ह्याच मशीनवर लाव, ज्याच्यावर तुझी खरी डरकाळी ऐकली. मग कळेल तुला फरक.”

भोंग्याने कागद फाडला, रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली. आणि पोरांनो, काय सांगू! मशीनमधून पंचविशीतला भोंगा बाहेर आला. तोच चढा, झणझणीत, अंगावर काटा आणणारा आवाज. कपाटाच्या काचा थरथरल्या. पोस्टमन टुणकन बाकावर उभा राहिला. त्या गुडघ्यांनी!

“हेच! हेच तर म्हणतोय मी!” त्याच्या डोळ्यांत पाणी. “ही जुनी टेप कुठे दडवली होतीस रे इतकी वर्षं?”

“ही जुनी नाही,” भोंगा म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “हे गाणं मी गेल्या थंडीत गायलोय. पण असं नाही गायलो. हा मी नाहीच.”

“तूच आहेस!”

“अरे, माझा आवाज मला माहीत नाही का?”

त्याने रेकॉर्ड उचलली, खालची चकती उचलली, आणि आत डोकावला. चकतीला फिरवतो तो रबरी पट्टा, आणि पट्ट्याला फिरवतं ते मोटरचं छोटं चाक. त्या चाकाभोवती जखमेवर लावतात तसली चिकटपट्टी गुंडाळलेली, काळी, कडक झालेली.

बघताक्षणी मी ओळखलं ते काम कुणाचं. तुमच्या आजोबांचं! घरातली प्रत्येक वस्तू हे चिकटपट्टीने दुरुस्त करायचे. छत्री, चष्मा, एकदा तर मांजराची शेपटी. पट्टा घसरत असणार, म्हणून ह्यांनी चाकावर पट्टीचे वेढे दिले. पट्टा बसला घट्ट. पण चाक जाड झालं, आणि जाड चाकाने चकती भरभर पळायला लागली. मग काय, गाणं भरभर, आवाज चढा. सगळ्या गावाच्या कॅसेटी तशाच भरल्या गेल्या.

डॉक्टरीणबाईंच्या पर्समधून चिमटा निघाला. ही बाई चिमट्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तिने पट्टी अशी सोलली की मशीनला कळलंसुद्धा नाही. भोंग्याने आता ‘फोडा दारं’ची जुनी रेकॉर्ड लावली.

संथ. खोल. जड पेटी जमिनीवरून ओढत नेल्यासारखा आवाज. नव्या अल्बममधला माणूस, फक्त दम जास्त.

भोंगा स्टुलावर बसला. “म्हणजे माझा सूर पडलाच नव्हता, ताई?”

“पडायला वर होता कधी? तुझा आवाज विशीतच म्हातारा होता. तू आत्ता कुठे त्याच्या वयाचा झालास.”

तो हसायला लागला. हसता हसता रडला की रडता रडता हसला ते मला सांगता येणार नाही, मी चहा गाळत होते.

पोस्टमन बाकावरून सावकाश उतरला. मला वाटलं आता माफी मागेल. कसली माफी! छाती पुढे काढून म्हणाला, “मशीन खोटं असेल. माझे कान खोटे नाहीत. बायकोला मागणी घातली ती ह्या वेगात. पोरगी झाली तेव्हा गल्लीत नाचलो तो ह्या वेगात. ते सगळं आता चिमट्याने सोलणार का? वहिनी, पट्टी परत लावा.”

सगळे भोंग्याकडे बघायला लागले.

“लाव, ताई,” भोंगा म्हणाला. “दुकानात भाऊजींचा वेग. पण स्टेजवर माझा. शनिवारी नवा अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जुन्यातली ओळसुद्धा नाही.”

“मग मी पहिल्या रांगेत पाठ करून बसेन.”

“बस. पाठीलाच गाऊन दाखवतो.”

शनिवारी हॉल भरलेला. तिकिटं परत करायला कुणी गेलंच नाही, भांडण बघायचं होतं ना सगळ्यांना. पोस्टमन इस्त्रीचा शर्ट घालून आला, पहिल्या रांगेतली खुर्ची उचलली, उलटी ठेवली आणि स्टेजकडे पाठ करून हाताची घडी घालून बसला. सगळ्या हॉलकडे त्याचं तोंड. लोक त्यालाच बघत होते. मी दुसऱ्या रांगेत, म्हणजे आम्ही दोघं अगदी समोरासमोर. मी जीभ काढून दाखवली. त्यानेही दाखवली.

भोंगा आला. नमस्कार नाही, भाषण नाही. गिटार गळ्यात अडकवली. मागून कुणीतरी ओरडलं, “फोडा दारं!” मग चारही बाजूंनी तेच. “फोडा दारं! फोडा दारं!”

भोंगा माइकजवळ वाकला आणि त्या जड आवाजात म्हणाला, “दारं केव्हाच फुटली. आत या आणि बसा जरा.”

आणि सुरू झाला. घसा फाडला नाही, सूर चढवला नाही. ज्यांना शिट्ट्या वाजवायच्या होत्या त्यांनी वाजवल्या, त्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या गाण्याला शिट्ट्या दमल्या. तिसऱ्या गाण्याला हॉलच्या वरच्या झरोक्यात फडफड झाली. बघते तर कबुतरं! तीच, जी भोंग्याच्या जन्माच्या दिवशी उडाली होती. एकेक करून येऊन बसली आणि ऐकायला लागली.

आणि त्याच गाण्यात पोस्टमन उठला, खुर्ची उचलली, सरळ केली आणि भोंग्याकडे तोंड करून बसला. सगळा हॉल टाळ्यांनी...

बरं, बरं. असं बघू नका माझ्याकडे.

खुर्ची त्याने फिरवली नाही. तेवढं मी घातलं पदरचं. शेवटच्या गाण्यापर्यंत तो हट्टी माणूस पाठ करूनच बसला होता, आणि भोंगा शेवटच्या गाण्यापर्यंत त्या पाठीला गात होता. गिटार माळ्यावर गेली नाही. पण मी पोस्टमनच्या समोर होते ना, म्हणून मला दिसलं. हाताची घडी तशीच, तोंड वाकडंच, आणि खुर्चीखाली उजवा पाय ठेका धरत होता. चिकटपट्टीच्या वेगात नाही. भोंग्याच्या.

कबुतरांचं मात्र खरं आहे.