रिकाम्या खुर्चीवरचा चौकोन

बहिणीच्या त्या पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नाही. चारच ओळी होत्या. "दादा, गोळ्या परत सुरू केल्या आहेत. तेवढं तुझ्या मनासारखं झालं. टिल्ली त्या खुर्चीत नव्हती हे तू सगळ्यांदेखत दाखवलंस. मग आता ती कुठे आहे तेही सांग."

सगळी नोकरी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात गेली. कोणती माहिती कुठल्या पुस्तकात सापडेल हे सांगणं एवढंच मला जमायचं. या प्रश्नासाठीही मी आधी पुस्तकांकडेच वळलो.

टिल्ली म्हणजे तिची मुलगी. चणीने अगदी लहान, म्हणून टिल्ली. नऊ वर्षांची होती. तापाचं निमित्त झालं आणि गेली.

त्यानंतर बहीण रोज संध्याकाळी कुठेतरी जाऊ लागली. भेटली की चेहऱ्यावर एक वेगळंच तेज दिसायचं. मला बरं वाटलं. मग एकदा तिच्या घरी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर तिच्या हृदयाच्या गोळ्यांची पाकिटं न फोडलेली, फडताळात तशीच पडलेली.

"संध्याकाळी जाते ना, तिथले काका म्हणाले, तिला औषधांचा वास सोसत नाही," ती म्हणाली. "वास आला की ती येत नाही."

"कोण येत नाही?"

"टिल्ली. चल, तुलाच दाखवते."

लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर शिकवणीच्या वर्गाची लांबट खोली होती. बाक मागे सरकवलेले, आणि तरीही पाय ठेवायला जागा नव्हती. लोक खिडकीच्या कट्ट्यावर, जिन्यात, एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत उभे. पुढे मोठ्या फुलांचा पडदा, त्याच्यासमोर एक रिकामी खुर्ची, आणि खुर्चीसमोर स्टँडवर खिशात मावेल एवढा डिजिटल कॅमेरा. त्याची वायर टीव्हीला जोडलेली, म्हणजे कॅमेऱ्याला दिसेल ते सगळ्यांना दिसावं.

काका गुळगुळीत आवाजाचे गृहस्थ होते. "माणसाचा डोळा मायेने आंधळा होतो," ते म्हणाले. "यंत्राला कसली माया? यंत्र माणूस पाहतं तेव्हाच माणूस आहे म्हणून सांगतं. मी कोण? मी फक्त बटण दाबणारा हमाल."

एका शिंप्याने वडिलांचा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. काकांनी डोळे मिटले, टेबलावरचा दिवा जरा तिरपा केला आणि बटण दाबलं. टीव्हीवर खुर्चीच्या वर, जिथे बसलेल्या माणसाचा चेहरा असता, तिथे एक पिवळा चौकोन उमटला. किंचित थरथरला आणि स्थिरावला.

"आले," शिंपी म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला. खोलीतल्या निम्म्या लोकांनी डोळ्यांना पदर-रुमाल लावले. खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला.

मग बहिणीची पाळी. तिने टिल्लीचा फ्रॉक खुर्चीवर पसरला आणि पिशवीतून टिल्लीचाच छोटा कॅमेरा काढून दिला. तिच्या वस्तूतून ती लवकर येते, असं काकांचं म्हणणं. कॅमेऱ्यातले जुने फोटो मात्र उघडायचे नाहीत, उघडले की मूल मागे फिरतं. पिवळा चौकोन उमटला. बहीण हात पुढे करून हवेतच काहीतरी कुरवाळत होती.

घरी परतताना मी म्हटलं, "तो कॅमेरा मला एक दिवस देशील?"

"तुला? तुला तर पंख्याचं बटण सापडत नाही."

"शिकेन की."

तिने दिला. मी आयुष्यात कधी कॅमेरा हातात धरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाचा फोटो काढला, मग खिडकीचा, मग चपलांचा. सोपं होतं. मग कॅमेरा विजेच्या बोर्डाकडे वळवला आणि माझा हात थबकला. बोर्डावर पिवळा चौकोन. दोन गोल बटणं, त्यांच्याखाली आडवी खाच. कपाटाकडे वळवला, तर दोन मुठी आणि कुलपाच्या कडीवर चौकोन. त्या खोलीत मी वर्षानुवर्षं एकटा राहतो. कॅमेऱ्याच्या मते आमचं चांगलं पाच-सहा जणांचं बिऱ्हाड होतं.

त्यात गूढ काही नाही. फोटोत चेहरे स्वच्छ यावेत म्हणून कॅमेरा आपणहून चेहरे शोधतो. त्याला माणूस कळत नाही. दोन गडद ठिपके आणि त्यांच्याखाली एक आडवी रेघ दिसली की तो चौकोन काढून मोकळा होतो. काकांच्या फुलांच्या पडद्यावर दोन काळी पानं होती आणि त्यांच्याखाली वाकलेला देठ. खुर्ची बरोबर त्यांच्या खाली मांडलेली. दिवा तिरपा केला की पानं आणखी गडद.

मला चारचौघांत बोलता येत नाही. ग्रंथालयात कुणी मोठ्याने बोललं तर मी 'शांतता राखा'च्या पाटीकडे बोट दाखवायचो, तेही त्याचं लक्ष नसताना. पण गोळ्यांची ती पाकिटं डोळ्यांपुढून हलेनात. संध्याकाळी टिल्लीचा फ्रॉक खुर्चीवर आला, तिचा कॅमेरा स्टँडवर चढला, चौकोन उमटला, तेव्हा मी उठलो.

"खुर्ची जरा बाजूला घेऊ का?"

"ओ आजोबा, खाली बसा," मागून कुणीतरी म्हणालं. तोवर मी खुर्ची ओढली होती. खुर्ची आणि फ्रॉक सरकले. चौकोन होता तिथेच, हवेत.

"मूल उठून उभं राहिलं," काका शांतपणे म्हणाले. माना डोलल्या.

मी माझी शाल त्या दोन पानांवर टाकली. चौकोन गेला.

"तुम्ही तिचं तोंड झाकलंत, आजोबा. किती निर्दय." आता लोक माझ्याकडे रागाने बघू लागले. बहीणसुद्धा.

खिशात एक जाहिरातीचा कागद होता. त्याच्या मागे पेनाने एक गोल काढला, दोन डोळे, नाक, तोंड. कागद खुर्चीच्या पाठीला टेकवला. टीव्हीवर पिवळा चौकोन टुणकन कागदावर येऊन बसला. मी कागद डावीकडे नेला, चौकोन डावीकडे. उजवीकडे नेला, उजवीकडे.

कुणीतरी हसलं. मग शिंपी पुढे आला, त्याने कागद हातात घेतला, स्वतः फिरवून पाहिला, माझ्या हातात परत दिला आणि खाली मान घालून वडिलांचा कोट आणायला गेला. काका पायात चपला सरकवत म्हणाले, "जिथे श्रद्धा नाही तिथे कोण येणार?" आणि जिन्याने उतरले. त्यांना कुणी अडवलं नाही.

मी जिंकलो होतो. आयुष्यात पहिल्यांदाच. त्या भरात मी कागद चुरगळला आणि म्हणालो, "बघा, गेली."

टीव्हीवरचा चौकोन विझला. बहिणीच्या तोंडून एक बारीक आवाज आला, पाय दारात सापडावा तसा. ती फ्रॉक घेऊन निघून गेली. कॅमेरा माझ्याकडेच राहिला.

त्यानंतर ते चार ओळींचं पत्र. उत्तरासाठी मी पुस्तकं चाळली. मोठ्या माणसांनी मृत्यूबद्दल लिहिलेले उतारे काढून ठेवले आणि फाडून टाकले. शेवटी टिल्लीच्या कॅमेऱ्यातले जुने फोटो उघडले. बघून झाल्यावर ते कागदावर छापून आणले आणि हे लिहिलं:

"टिल्ली कुठे आहे हे मला माहीत नाही. कुणालाच नाही. कुणी माहीत आहे म्हणाला तर त्याला विचार, तुम्हाला कसं कळलं? तो चिडला तर तिथून उठ. औषध सोडायला सांगितलं तर त्याआधीच उठ.

ती कुठे होती एवढं मात्र सांगता येतं. सोबतच्या फोटोंत ती कुठेच नाही, कारण ते तिनेच काढलेत. टेबलाची खालची बाजू. कणीक मळणारे तुझे हात. माझी हनुवटी. बेसिनवरच्या आरशाच्या फोटोत फ्लॅशचा उजेड आहे आणि त्याखाली केसांचा एक झुबका. तेवढीच ती आरशात मावली. बाकीचे सगळे फोटो तुझे. रागावलेली, कंटाळलेली, 'पुरे गं आता' म्हणणारी, आणि बऱ्याच फोटोंत हसणारी. सगळे खालून, मान वर करून काढलेले. तू तशी हसत होतीस, कारण समोर ती होती. हे खरं आहे, आणि यासाठी पडदा लागत नाही, दिवा लागत नाही, काका लागत नाहीत.

मी जे दाखवलं ते दाखवायलाच हवं होतं. पण तो कागद मी चुरगळायला नको होता. आधी तुझ्याशेजारी येऊन बसायला हवं होतं. तू म्हणशील तेव्हा येतो. म्हणाली नाहीस तरी गोळ्या घेत जा."

पाकीट फोटोंनी फुगलं होतं. पोस्टाच्या पेटीच्या फटीत अडकलं. दोन्ही हातांनी ढकलावं लागलं, मग आत पडल्याचा आवाज आला.