महेबूबभाईंची घुंगुरकाठी

मित्रांनो, बसण्याआधी खालची जागा नीट बघितलीत का? चपला झटकल्यात का? नाही ना? मग आधी ते करा, मी थांबते. मी एक जुनी घुंगुरकाठी आहे आणि माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. पान हललं तरी ते वाऱ्यानंच हललं असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

माकणीच्या शिवारात, धरणाच्या पाण्याकडं उतरणाऱ्या रानात महेबूबभाईंचं घर आणि त्याला लागून म्हशीचा कोठा आहे. मी त्या कोठ्याच्या दाराआड उभी असते. माझा वेळू लोहारा गावच्या बाजारातला. महेबूबभाईंनी त्याला तेल पाजलं, खाली लोखंडी टोपण बसवलं आणि वर बैलाच्या घुंगुरमाळेतली पितळी घुंगरं तारेनं घट्ट आवळली. तो बैल म्हातारा होऊन गेला होता. त्याची आठवण म्हणून ती माझ्या गळ्यात आली.

पुढं बरीच वर्षं मी त्यांच्या हातात होते. तुरीत शिरायचं असो की गंजीतून कडब्याची पेंडी ओढायची असो, ते आधी मला जमिनीवर जोरात आपटायचे. म्हणायचे, "सरक बाबा, आमी आलोय." आणि मग उभे राहायचे. नाग असला तर वाट सोडायचा. धामण तर केव्हाच पसार झालेली असायची. घोणस मात्र आळशी, जागची हलत नाही. पण कुकरची वाफ सुटावी तशी ती फुसफुसते. ते ऐकू यावं म्हणूनच हे थांबणं असायचं.

"सापाला सलाम करून रानात जाताव का, महेबूबभाई?" शेजारचे शंकरप्पा चेष्टा करायचे.

"व्हय. त्याचंबी घरच हाय ते. दार वाजवून जावं."

पुढं हेच शंकरप्पा मला मागून न्यायला लागले. हा माणूस आता मला परत आणत नाही, असं मला दर वेळी वाटायचं. आणायचे मात्र.

मग महेबूबभाई गेले. त्यांच्या मुलाच्या, मुजफ्फरच्या खिशात मोबाइल, आणि बॅटरी त्यातच. मला कोण विचारतो? कोळ्यानं माझ्या घुंगरांत जाळं विणलं.

अशात म्हशीचं दूध कमी झालं. चरवी भरायची, ती निम्मीच भरू लागली. धार काढायची मुजफ्फरची बायको मेहनाज. तिची सासू जैनबबी रोज चरवीत डोकावायच्या आणि मग सुनेकडं बघायच्या.

"दूध कुठं जातंय गं?"

"मला काय ठावं, अम्मा. निघतंय तेवढं आणते."

विचारणं साधं होतं, नजर साधी नव्हती. मेहनाज कोठ्यात येऊन म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून रडायची. मला फार वाईट वाटायचं. दाराआडून मला म्हशीचं शेपूट तेवढं दिसतं, पलीकडं बांधलेलं रेडकूही नाही, त्यामुळं खरं काय ते मलाही ठाऊक नव्हतं. माझा संशय म्हशीवरच होता. पान्हा चोरण्यात ती पटाईत.

एक दिवस शंकरप्पांनी कडब्याच्या गंजीत धामण बघितली. "काकी, सुनंला कशाला बोलताव?" ते म्हणाले. "धामण म्हशीच्या पायाला येढा घालती आन् दूध पिती. सगळ्या गावाला ठावं हाय."

घराला हायसं वाटलं. मेहनाजला तर सगळ्यांत जास्त. "मारा तिला," ती मुजफ्फरला म्हणाली. "माझ्यावरचं बालंट तरी जाईल."

मुजफ्फरनं मला उचललं आणि अनवाणी पायांनी गंजीकडं निघाला. पण मी घुंगुरकाठी! चार पावलं टाकली की खळ्‌खळ्. धामण गायब. दुसऱ्या दिवशी तेच. मला घेऊन कुणाला दबा धरता येत नाही, मित्रांनो. शेवटी चिडून त्यानं तार ओरबाडली आणि माझी घुंगरं उकिरड्यावर भिरकावली.

"अरे, अब्बाच्या हातची हायती ती," जैनबबी कळवळल्या. त्यानं ऐकलं नाही.

मुक्या काठीनं त्यानं दुसऱ्याच दिवशी धामण मारली. ती माझ्याच अंगाखाली तडफडली. तो भार मी अजून विसरले नाही.

चरवी तरीही निम्मीच राहिली. आता धामणही नव्हती. जैनबबींनी विचारणंच सोडलं, नुसत्या बघायच्या. आणि गंजीतून उंदरांचा चिवचिवाट वाढू लागला. खायला कुणी नसल्यावर ते काय भिणार? उंदरांमागून काय येतं हे मला माहीत होतं. पण सांगणार कशानं?

मेहनाज सकाळी पेंडी ओढायला गेली. काठी आपटली नाही, थांबली नाही. तिची किंकाळी मी दाराआडून ऐकली. "घोणस! घोणस चावली!"

ज्यांच्यावर मी जन्मभर संशय घेतला, ते शंकरप्पा धावत जीप घेऊन आले. कुणीतरी म्हणालं, आधी देवळापुढं न्या. "आधी दवाखाना," ते ओरडले. "हात हलू देऊ नका तिचा." जीप गेली. घर रिकामं झालं. प्रत्येक फटफटीच्या आवाजाला मला वाटायचं, ही वाईट बातमी घेऊन आली.

पहाटे धार काढायला म्हाताऱ्या जैनबबी स्वतः आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांनी काय बघितलं ते मला मागून कळलं. रेडकानं सैल दाव्यातून मान काढली होती आणि ते आईला लुचत होतं. पोट भरल्यावर शहाण्यासारखं आपल्या खुंट्याजवळ जाऊन उभं राहिलं. जैनबबींनी आधी दावं आवळलं. "पोरीला चोर केलं गं मी," त्या म्हशीला सांगत होत्या.

मग त्या उकिरड्यावर गेल्या. हातांनी शेण उपसून त्यांनी घुंगरं शोधली, धुतली आणि माझ्या गळ्यात बांधली. एक सापडलंच नाही.

मेहनाज वाचली. बऱ्याच दिवसांनी घरी आली, उजव्या हाताची दोन बोटं आखडलेली घेऊन. मुजफ्फरला तिच्याकडं बघवेना. जैनबबींनी तिचा तो हात हातात घेतला. "रेडकू पीत हुतं, बाई. मला माफ कर."  मेहनाज कोठ्यात आली, डाव्या हातानं मला उचललं, गंजीपुढं आपटलं आणि थांबली. तिच्यामागं मुजफ्फर आणि जैनबबीही थांबले.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती. मला मारायला उचलू नका, वाजवायला उचला. वाजवलं की थांबा, कान द्या. साप असो की घरातलं माणूस, ठपका ठेवायच्या आधी जरा दावं तपासा. संशय मला आजही येतो, पण आता माझ्या गळ्यात आवाज आहे.

मेहनाज अजून पेंडीला हात लावत नाही. ती ऐकते आहे. तुम्हीही जरा गप्प बसा.