कोरडी मोजनळी

काचेच्या मोजनळीच्या तळाशी एक मुंगी... दोन रेघा चढायची, घसरायची, परत चढायची — यंदाच्या पावसाळ्यात या नळीत एवढीच काय ती हालचाल, धर्मराजसरांच्या मनात आलं. शिपाई गहिनीनाथनं नळी उजेडात धरली नि रोजच्यासारखं सांगितलं, निरंक. अकरा वर्षं, सकाळी साडेआठला, सणवार न बघता तो कॉलेजच्या अंगणातला पर्जन्यमापक उघडत होता. भूगोलाच्या पदव्युत्तर विभागात खरं म्हणावं असं काम तेवढंच. नकाशांना वाळवी, दोन जागा रिकाम्या, तिसरीवर सर स्वतः.

आज मूल्यांकन समिती येणार. श्रेणी घसरली की विभाग बंद, विभागाबरोबर सरही. संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव — साखर कारखान्याचेही तेच — मागल्या आठवड्यात गहिनीनाथची पावसाची वही चाळून हसले होते. "निस्ती शून्यंच हायेत की, सर. कामच केलं न्हाई म्हणतील. जरा पाऊस पाडा."

आणि सरांनी पाडला. तीन दुपारी दार लावून, नव्या वहीत, तीन कोरड्या सालांचा. जूनमध्ये बारा, ऑगस्टमध्ये चाळीस... लिहिता लिहिता अंगावर गारवा आला, हे कुणाला सांगायचं? गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी तर मन मोठं करून पंचावन्न मिलिमीटर — ज्या पोळ्याला सिरसाळ्यात त्यांचा भाऊ बैल धुवायला टँकरची वाट बघत बसला होता.

समितीच्या मॅडमनी नव्या वहीच्या पानांवरून बोट फिरवलं. येताना रस्त्याकडेचा करपलेला कापूस त्यांनीही पाहिलाच असेल. "इतक्या सलग नोंदी क्वचित दिसतात. कोण घेतं?"

"मी," सर म्हणाले.

दाराशी गहिनीनाथ पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता.

मग शाली झाल्या, नारळ झाले, गाडी गेली. अर्जुनरावांनी सरांच्या पाठीवर थाप मारली, अन् त्या थापेखाली लहानपणीचं नांदूरघाटचं कीर्तन जागं झालं... बुवांनी हात वर केला होता, सगळे टाळ थांबले, सात वर्षांच्या धर्माचा एकटाच वाजत राहिलेला. माणसं हसली. बुवांनी मात्र पाठीवर हात ठेवला — वाजू दे, म्हणाले, मनापासून वाजतोय.

गहिनीनाथ पेन घेऊन आला. टेबलावर दोन्ही वह्या.

"सर, आजचं राहिलंय. कंच्या वहीत लिवू?"

विचारण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. सरांनी कान दिला — कुठूनतरी तो एकटा टाळ ऐकू येईल म्हणून... सगळे टाळ थांबलेले होते. तोही.