ढिल्या पट्ट्याचे गाणे

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. घाई करू नका, मला आता घाई झेपत नाही. चार वाक्ये बोललो की मोटर तापते, म्हणून थांबत थांबत सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे एक बाई दिवसभर माझ्यासारख्यांचे स्क्रू पिळत बसायच्या आणि तोंडाने काहीतरी गुणगुणायच्या. माझ्या कानावर पडलेले पहिले संगीत ते. पुढे एका घरात माझे फार कौतुक झाले. पण नव्याचे नऊ दिवस संपले आणि त्या लोकांनी मला आपल्या लॉन्ड्रीवाल्याला देऊन टाकले. या लॉन्ड्रीवाल्यांची लेक त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणतो.

बाबांचे दुकान म्हणजे एकच खोली. मध्ये जाड कांबळे अंथरलेले इस्त्रीचे टेबल आणि मागे कपड्यांची गाठोडी. मला त्यांनी खिडकीत बसवले. वाफेने माझी जाळी गंजली, खळीची भुकटी नाकातोंडात गेली. तक्रार कोणाकडे करणार? बाबा स्वतः दहा-दहा तास उभे असत. कॅसेटी चार-पाच होत्या, पण त्यांचा जीव एकाच गाण्यावर होता. ते एका नावाड्याचे गाणे होते. त्याच्या तालावर बाबांची इस्त्री शर्टाच्या पाठीवरून अलगद जाई.

त्यांच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. आई दवाखान्यात नर्स होती. आईची दुपारची पाळी असली की भिंगरी शाळेतून थेट दुकानात येई आणि गाठोड्यावर बसून गाऊ लागे. पहिली ओळ बाबांची, दुसरी तिची. कडवे संपले की बाबा इस्त्री टेबलावर टेकवत, ठप्प! तेवढ्यापुरती ती भिंगरी अगदी शहाण्यासारखी एका जागी बसे.

आता एक गोष्ट कबूल करतो. मी थकलो होतो. माझ्या पोटातला रबरी पट्टा ढिला पडला होता, त्यामुळे कॅसेट सावकाश फिरे. ऐन विशीतला तो गायक माझ्यातून पन्नाशी उलटल्यासारखा ऐकू येई. हे इतके हळूहळू झाले की कोणाच्या लक्षात आले नाही. बाबांचा हात माझ्या चालीने चालू लागला आणि लेकीचा गळा बाबांच्या हाताच्या चालीने. मला सगळे कळत होते, पण मूग गिळून बसण्यावाचून माझ्या हाती काय होते?

भिंगरी दहा वर्षांची असताना तिने शाळेच्या गायनस्पर्धेत तेच गाणे घेतले. बाबांनी दुपारीच दुकान बंद केले. आयुष्यभर लोकांचे कपडे कडक करणारा हा माणूस त्या दिवशी स्वतःचा शर्ट इस्त्री करून गेला. मी काही गेलो नव्हतो, पण संध्याकाळी सगळे कानावर आले. कीबोर्ड वाजवणाऱ्या सरांनी गाणे त्याच्या खऱ्या गतीने वाजवले आणि भिंगरी मागे पडली. पुन्हा सुरू केले, पुन्हा मागे पडली. मागून कोणीतरी ओरडले, "अगं, झोपलीस की काय?" सगळे सभागृह हसले, आणि पोरगी गाणे अर्धवट टाकून खाली उतरली.

"माझ्यामुळे पोरीचं हसं झालं," बाबा म्हणाले. "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"आडाला काही झालेलं नाही," आई म्हणाली. "या डब्यातच काहीतरी बिघडलंय. आमच्या दवाखान्यातल्या रेडिओवर हे गाणं किती पटपट चालतं!"

दुसऱ्याच दिवशी मला नवा पट्टा बसला. मी तरुणासारखा वाजू लागलो. बाबांनी मोठ्या उत्साहाने लेकीला ऐकवले. तिने एक कडवे ऐकले आणि ती म्हणाली, "बाबा, हे आपलं गाणं नाही."

"अगं, हेच खरं. आजवर आपणच चुकीचं म्हणत होतो."

तिने दप्तर उचलले आणि ती घरी गेली. त्यानंतर ती दुकानात येई, पण गात नसे. बाबा पहिली ओळ म्हणून थांबत, आणि ती पुस्तकातून मान वर काढत नसे. काही महिन्यांनी बाबांनीही पहिली ओळ म्हणणे सोडून दिले. मला वरच्या फळीवर ठेवण्यात आले, कोणी न्यायला न आलेल्या कपड्यांशेजारी. मित्रांनो, मी बरा झालो आणि गाणे बंद पडले. याचे मला फार वाईट वाटते.

भिंगरी मोठी झाली, नोकरीसाठी दूर गेली, आई झाली. फोनवर बापलेकीचे बोलणे ठरलेले असे, जेवलात का, औषध घेतलं का. मागच्या महिन्यात ती तान्हीला घेऊन आली. दुपारी दुकानात त्या पोरीने रडून रडून सगळ्यांच्या नाकी नऊ आणले.

"बाबा, आता माझ्यात उभं राहायचंही त्राण नाही हो," भिंगरी म्हणाली.

बाबा गुडघे सावरत स्टुलावर चढले. मला खाली काढून त्यांनी फुंकर मारली. "बघू, जीव आहे का याच्यात."

त्यांनी बटण दाबले. इतक्या वर्षांत नवा पट्टाही ढिला पडला होता. नावाड्याचे गाणे पुन्हा रखडत, दमत बाहेर आले. मी लाजेने मेलो. आता पुन्हा माझ्यामुळे भिंगरीचे मन दुखावणार!

बाबांनी घाईने हात पुढे केला. "थांब, बंद करतो. पट्टा गेला वाटतं पुन्हा."

"राहू द्या ना, बाबा. हेच आपलं."

आणि मग ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. पहिली ओळ त्यांची होती. बाबांनी ती खरखरत्या आवाजात म्हटली. दुसरी ओळ तिने उचलली. कडवे संपले आणि बाबांनी इस्त्री उचलून टेबलावर टेकवली, ठप्प! तान्ही दचकून गप्प झाली. पुढच्या कडव्याला ती डोळे मोठे करून त्या ठप्पची वाट पाहत होती.

जाताना भिंगरीने मला मागून घेतले. "नवा पट्टा बसवून देतो," बाबा म्हणाले. "पट्टा नको," ती म्हणाली.

आता मी तिच्या घरी आहे. दमलेलाच आहे. मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखा कोणी पडला असेल तर त्याला खाली काढा, धूळ पुसा. दुरुस्त करायचा असेल तर आधी घरातल्यांना विचारा. आणि तुमचे आईबाबा काम करता करता एखादी ओळ म्हणून थांबले, तर पुढची तुम्ही म्हणा. ते वाट पाहत असतात, पण फार दिवस पाहत नाहीत.